बारा मिनिटं

मुकुटबनच्या स्टँडवर उतरलो तेव्हा
कंडक्टरचा पहिला प्रश्न पैशांचा,
दुसरा, "तिकडं खायले काय देतेत बा?"
मासा, म्हटलं. सकाळीही मासा.
आणि काळी, आंबूस भाकर,
तिच्याशी ओळख व्हायला चार दिवस लागले.

तिसरं कोणी काही विचारलं नाही,
म्हणून इथं लिहून ठेवतो:
तिकडे रात्र होत नव्हती.

फिनलंड. जूनचा महिना.
आमच्या शिवारात पऱ्हाटीची टोबणी चाललेली,
आणि तिथं रात्री अकराला पोरं तळ्यात पोहत होती.
सूर्य झाडांच्या शेंड्यांवर
चहा पिऊन झालेल्या पाहुण्यासारखा,
उठायचं नाव नाही.

माझं गाणं रात्रीचं.
बाप सांगायचा, दिवा लागल्याशिवाय किंगरीला हात लावू नको,
देव दिवसा आपापल्या कामाला जातात.
कचारगडच्या गुहेतून सगळे बाहेर येईपर्यंत
तीन रात्री लागतात कथेला.
मला दिली होती बारा मिनिटं
आणि चारही बाजूंनी काचेचा हॉल.

दुभाषी पोरीला विचारलं, अंधार मिळेल का?
ती हसली. मग हसायची थांबली.
मग तिनं कोणाला तरी फोन लावला,
पण तोवर माझं नाव पुकारलं होतं.

वाजवली बारा मिनिटं.
टाळ्या भरपूर झाल्या.
देव काही उठला नाही.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
हिल्का नावाची म्हातारी आली, गुडघ्यांनी अधू,
हातात तिचं लाकडाचं वाद्य. तीन तारा, घोड्याच्या केसांच्या.
मी माझी किंगरी पुढे केली. तीन तारा, घोड्याच्या केसांच्या.
दोघंही काही बोललो नाही, बोलणार तरी कशात?
तिनं माझ्या गजाला नाक लावलं, सालईच्या डिंकाचा वास घेतला.
मी तिची राळ हुंगली. तीही एका झाडाचीच होती.

मग ती मला घराच्या मागं घेऊन गेली.
टेकाडात खणलेलं बटाट्याचं तळघर.
दार ओढून घेतलं आणि आत
आमच्या पोळ्याच्या अमावस्येइतका अंधार.

किती वेळ वाजवलं, माहीत नाही.
मातीचा वास, मोड आलेल्या बटाट्यांचा वास,
कोपऱ्यात दुभाषी पोरगी पोत्यावर बसलेली, तिला शिंका येत होत्या.
गुहेचा दगड सरकला त्या ओळीला
हिल्कानं तिची तार छेडली, बेसूर,
मग हळूहळू माझ्या सुरात आणली.
माझ्या मानेवर काटा आला.
आला असेल तोही, एवढ्या लांब.

तिनं विचारलं, तारेचा घोडा कोणता?
नवाब, म्हणालो. वणीच्या शेख बाबूच्या टांग्याचा.
ऑटो आले त्या साली मेला.
तिनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं
आणि निघताना पांढऱ्या केसांची एक जुडी दिली, कागदात बांधून.

ती आता माझ्या किंगरीवर मधली तार आहे.
चैतात ताणते, श्रावणात सैल पडते,
आमची हवा तिला अजून उमगलेली नाही.

जंगू टेकाम, आमचे दाते, नव्वदीचे, कानानं पक्के,
पहिल्याच रात्री म्हणाले,
"हे तार कोनाची व्हय?"
सांगितलं सगळं. वाटलं, रागावतील.
"देव जागा कराले आली, तं नाव घ्या लागते तिचं.
घोडीचं नाव काय हाय?"

मी गप्प.

"येवढ्या लांब गेलता लेका,
तिनं तुह्या घोड्याचं इचारलं,
अन् तू?"

तेव्हापासून नावं घेता घेता
नवाबपाशी येतो, पुढे सरकतो,
आणि एका नावाच्या जागेवर
नुसता गज ओढतो.
जंगूबाबा तिथं दरवेळी खोकतात.